संदर्भ नसलेले आजोबा

मेघनाला एक काळजी काही केल्या सोडत नव्हती. उद्या आपण गेलो, तर आपला मुलगा फोटोला हार घालण्याआधी विचारेल, "ही बाई उल्लेखनीय होती याला काही स्वतंत्र पुरावा?" आणि पुरावा नाही मिळाला, तर हार फुलवाल्याला परत देऊन येईल. पैसे परत मागणार नाही. तेवढा तो सरळ आहे.

इतर आयांच्या काळज्या कशा सुटसुटीत असतात. मुलगा पितो, मुलगा रात्र रात्र बाहेर असतो, मुलगा ऐकत नाही. ध्रुवला सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं. तो निःपक्षपाती होता. परळला माणसाच्या एकेका अवयवाचं वेगळं इस्पितळ आहे, पण या दुखण्याचा वॉर्ड अजून कुणी काढलेला नाही.

हे दुखणं आजचं नव्हे. चिंचपोकळीच्या चाळीत राहत होते तेव्हाची गोष्ट. चाळीच्या पटांगणात क्रिकेट चालू, ध्रुव फलंदाजीला, शेवटची जोडी. मागच्या पोरानं झेल घेतला, पण अपील कुणीच केलं नाही. ध्रुव बॅट काखेत मारून चालू पडला. "लागली होती रे बॅटला," म्हणाला. सामना गेला. दुसऱ्या दिवशी चाळीतली पोरं त्याला बघून जिने बदलायला लागली. राजेशला, म्हणजे त्याच्या बाबांना, मुलाचा अभिमान वाटला. मेघनाला त्या दिवसापासून झोप लागत नाही.

पुढे ते दादरला राहायला आले आणि ध्रुव मोठा झाला, म्हणजे दुखणं मोठं झालं. घरच्या श्रीखंडाबद्दल विचारावं, तर म्हणणार, "मागच्या पाडव्यापेक्षा गोड आहे. चांगलं की वाईट ते खाणाऱ्यावर." गेल्या वर्षी एका स्थळाकडे गेले होते. मुलीच्या वडिलांनी प्रेमानं विचारलं, "तुमचा स्वभाव कसा आहे?" ध्रुवनं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "ते मी सांगणं बरोबर नाही. माझा त्यात हितसंबंध आहे." पुढे त्या घरातून कधी निरोप आला नाही. ध्रुवच्या मते त्यांचा निर्णय वाजवी होता.

नोकरी त्याला साजेशी मिळाली होती. लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणीचा भोंगा वाजायचा तिथे आता काचेची इमारत आहे. तिच्यात बसून तो विम्याच्या दाव्यांची छाननी करायचा. दिवसभर लोकांवर अविश्वास दाखवून समाधान होईना, म्हणून संध्याकाळी तो ज्ञानकोश लिहायचा.

हा ज्ञानकोश म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून लिहायचा. कुणीही लिहावं, कुणीही पुसावं. प्रत्येक वाक्याला मागे संदर्भाचं शेपूट हवं. विशेषणं वापरायची नाहीत. आपल्या नात्यागोत्यातल्या माणसांबद्दल लिहायचं नाही. आणि भांडायचं असेल तर लेखाच्या मागे एक चर्चा पान असतं, तिथे जाऊन 'आपण' आणि 'कृपया' लावून भांडायचं. थोडक्यात, मराठी माणसाला जे जे करायला आवडतं ते सगळं तिथे मना. म्हणूनच ध्रुवला तिथे घरच्यासारखं वाटायचं. खरं तर घरच्यापेक्षा बरं.

त्यानं कलेचे लेख हाती घेतले होते. मंडळांचे देखावे, दुकानांच्या हातानं रंगवलेल्या पाट्या, नाटकांचे पडदे. त्याच्या जोडीला शीवचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते. ते दुसऱ्यांचं 'सुंदर' कापून तिथे स्वतःचं 'मनोहर' घालायचे. आणखी एक 'ठाकूरद्वार' या नावानं लिहिणारं कुणीतरी गिरगावातलं होतं. ते कोण, बाई की बुवा, ध्रुवला ठाऊक नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं. वाक्यं चांगली होती, तेवढं त्याला पुरे.

हे सगळं चाललं असतं. पण त्यांनी 'मुंबईतील रांगोळी' हा लेख उघडला आणि घाडी कुटुंबात आग लागली.

कारण त्या लेखात नाना होते.

नाना म्हणजे जयवंत घाडी, राजेशचे वडील. आयुष्य गिरणीच्या विणकाम खात्यात गेलं. गिरणी बंद पडली, बायको गेली, मुलगा दादरला गेला. नाना चिंचपोकळीची खोली सोडून कुठेही गेले नाहीत. त्यांना दोनच गोष्टी ठाऊक, चाळ आणि रांगोळी. रांगोळी म्हणजे दारातली ठिपक्यांची नव्हे. दिवाळीत शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरतं, तिथली. माणसाचा चेहरा काढायचा, डोळ्यातल्या पाण्यासकट. त्यातही नानांची खासियत पाण्याखालची रांगोळी. परातीला आतून मेणाचा हात द्यायचा, त्यावर चिमटीनं चेहरा उतरवायचा आणि मग वरून इतकं अलगद पाणी सोडायचं की पापणीचा केस हलता कामा नये. हॉलच्या दाराजवळचा कोपरा नानांचा. लोक आत शिरले की आधी परातीत वाकून बघायचे आणि मग चपला काढल्यात का ते आठवायचे.

या कलेची एक रीत आहे. प्रदर्शन संपलं की ज्यानं रांगोळी काढली त्यानंच ती पुसायची, आपल्या तळहातानं. दुसऱ्याची रांगोळी पुसायची नाही. हॉल झाडायला आलेला माणूससुद्धा कलाकार येईपर्यंत केरसुणी धरून दारात उभा राहतो.

तर लेखात एक वाक्य होतं, "लालबाग-परळ भागात पाण्याखालची व्यक्तिचित्रे प्रथम रांगोळीसम्राट जयवंत घाडी यांनी काढली." ते डोंबिवलीच्या राहुलनं, ध्रुवच्या चुलतभावानं, घातलं होतं. ध्रुवनं आधी 'सम्राट' काढला. तिथवर ठीक होतं, नाना स्वतःही सम्राट म्हणवून घेत नसत. मग त्यानं वाक्याचं शेपूट तपासलं. संदर्भ होता लालबागच्या मंडळाच्या स्मरणिकेचा. मंडळ नानांचंच. मग त्यानं अख्खं वाक्य पुसलं आणि चर्चा पानावर लिहिलं, "जयवंत घाडी हे माझे आजोबा आहेत, हे जाहीर करतो. माझ्याकडून त्यांना झुकतं माप मिळू नये म्हणून हे विधान मी काढत आहे."

राहुलनं त्याचा स्क्रीनशॉट काढून 'घाडी परिवार' या ग्रुपवर टाकला. खाली फक्त हात जोडलेले. ते नमस्काराचे नव्हते.

मेघना फराळाचा पहिला घाणा घेऊन चिंचपोकळीला गेली, तेव्हा नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते. शेजारच्या गंगुबाई चहा ठेवून गेल्या होत्या, त्यावर साय धरली होती.

"नाना, अहो, ते कॉम्प्युटरवरचं काय एवढं मनावर घ्यायचं?"

"मनार नाय घेतलंय," नाना म्हणाले. "पण सांग गो माका. माझी रांगोळी आजपर्यंत कोणी पुसली?"

"तुम्हीच."

"हां. आता नातवान पुसल्यान." त्यांनी डब्यातली एक चकली उचलली, मोडली आणि परत डब्यात ठेवली. "त्या प्रदर्शनवाल्या आनंदाक सांग, यंदा माझी जागा दुसऱ्याक देवा. मी काय बसूचंय नाय."

"ध्रुवशी एकदा बोला तरी."

"काय बोलू? त्याका संदर्भ लागता. माझ्याकडे नाय."

घरी येऊन मेघनानं हे राजेशला सांगितलं. राजेशनं पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "ऐकतील गं. मी नंतर फोन करतो." राजेशचं 'नंतर' म्हणजे काय, हे मेघनाला लग्नानंतर लगेच कळलं होतं. नानांचे हात आता कापायला लागले होते, ते यंदा बसले नाहीत तर पुन्हा बसायचे नाहीत, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती ध्रुवच्या खोलीत गेली.

"तुला स्वतःच्या आजोबांचं नाव पुसताना काहीच वाटलं नाही?"

"वाटलं म्हणूनच पुसलं, आई."

"म्हणजे?"

"वाटत नसतं तर ठेवलं असतं." आणि तो पुन्हा पडद्याकडे वळला. असल्या उत्तरांवर पूर्वी ऋषी शाप द्यायचे. मेघनानं दार आपटलं.

मग तिनं ठरवलं, कुणीही लिहू शकतं ना? मग आपण का नाही? दुसऱ्या दिवशी ध्रुव ऑफिसला गेल्यावर तिनं घरच्या लॅपटॉपवर खातं उघडलं. नाव घेतलं 'निःपक्ष वाचक'. आणि लेखात अगदी निःपक्षपणे लिहिलं, "रांगोळीच्या इतिहासात ज्यांचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल असे थोर, निगर्वी, कष्टाळू आणि सुनेला कधीही टाकून न बोललेले कलावंत जयवंत घाडी यांनीच पाण्याखालची रांगोळी जगाला दिली."

संध्याकाळी कुकरची शिट्टी होईपर्यंत ते वाक्य नाहीसं झालं होतं. तिच्या खात्यावर मात्र एक निरोप आला होता. "नमस्कार! ज्ञानकोशात आपलं मनःपूर्वक स्वागत. आपल्या उत्साहाचं कौतुक वाटतं. कृपया विशेषणं टाळावीत, आणि सुनेविषयीच्या विधानाला संदर्भ द्यावा. काही अडचण आल्यास मला निःसंकोच विचारा. आपला, ध्रुव."

मेघना पडद्याकडे बघतच राहिली. पलीकडच्या खोलीत बसलेल्या तिच्या पोटच्या मुलानं तिचं मनःपूर्वक स्वागत केलं होतं. कौतुक केलं होतं. अडचण आली तर विचार म्हणाला होता, तेही निःसंकोच. घरात तिनं शेवटचं काही विचारलं होतं तेव्हा "आई, एक मिनिट," असं उत्तर मिळालं होतं आणि ते मिनिट अजून चालू होतं.

रागावून काही होणार नाही, हे तिला कळलं. शेवटी ती कॉलेजात इतिहास शिकलेली बाई होती, त्याचा उपयोग आजवर फक्त माहेरच्या भांडणांत कोण आधी बोललं हे आठवायला झाला होता. तिनं लेख पहिल्यापासून नीट वाचून काढला. आणि खाली, गिरगावच्या परिच्छेदात, तिला ते वाक्य सापडलं. "गिरगावात पाण्याखालची व्यक्तिचित्रे प्रथम वसंत नवलकर यांनी काढली, व मुंबईतील हा पहिला प्रयोग मानला जातो." संदर्भ? गिरगावच्या त्यांच्या मंडळाची स्मरणिका.

वाक्य कुणी घातलं, तेही तिथे दिसत होतं. ध्रुव घाडी यांनी.

मेघनानं पदर खोचला आणि चर्चा पान उघडलं. या खेपेला एकही विशेषण नाही. "दोन मंडळं. दोन स्मरणिका. दोन्ही आपल्या माणसाला पहिला म्हणतात. गिरगावची स्मरणिका संदर्भ म्हणून चालते आणि लालबागची चालत नाही, ती केवळ तिच्यातला माणूस संपादकाचा आजोबा आहे म्हणून. हा निःपक्षपात म्हणायचा की सख्ख्याला सावत्र करणं?"

त्या संध्याकाळी ध्रुव स्वयंपाकघरात आला. माठातलं पाणी प्यायला, पेला धुतला, पुन्हा तोच पेला भरला आणि न पिता ओट्यावर ठेवला.

"काय रे?"

"काही नाही. एक वाचक आहे. नवीन."

"त्रास देतोय का?"

"नाही. बरोबर बोलतोय." त्यानं ओट्यावरचा पेला पुन्हा उचलला. "हुशार आहे."

मेघनानं त्याच्या ताटात आमटीची एक पळी जास्त वाढली आणि कढईकडे बघून पोटभर हसून घेतलं.

जेवणं झाल्यावर चर्चा पानावर दोन उत्तरं होती. पहिलं 'ठाकूरद्वार'चं. "वाचकांचा आक्षेप योग्य आहे. आता मीही जाहीर करते. वसंत नवलकर माझे आजोबा. त्यांच्याबद्दलचं विधान काढून टाका असं मी ध्रुव यांना वारंवार सुचवलं होतं, त्यांनी मानलं नाही. त्यांच्या आजोबांचं विधान ठेवा असंही सुचवलं होतं, तेही मानलं नाही. आमच्या घरी आजोबा माझ्याशी बोलत नाहीत. सलोनी."

म्हणजे लालबागचा नातू गिरगावच्या आजोबांना पहिलं ठरवायला जिवाचं रान करत होता, गिरगावची नात लालबागच्या आजोबांची वकिली करत होती, आणि दोन म्हातारे आपापल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. एवढी न्यायबुद्धी एकाच लेखात आली की घरात दुसरं काय होणार?

दुसरं उत्तर ध्रुवचं होतं. मेघनानं ते आधी भराभर वाचलं आणि मग चष्मा पुसून सावकाश वाचलं.

"निःपक्ष वाचक यांचं म्हणणं मला मान्य आहे. दोन्ही पुरावे एकाच प्रतीचे होते, मी वजन वेगळं लावलं. कारण सांगतो. जयवंत घाडी यांची परात मी लहानपणापासून बघत आलो. पाणी सोडताना ते श्वास धरायचे, तेव्हा मीही धरायचो. त्यांच्याइतकं चांगलं काम मी कुठेही पाहिलेलं नाही, आणि हे वाक्य मला लेखात लिहायची इतकी इच्छा आहे, की त्यांच्याबद्दलचं कुठलंही वाक्य लिहिताना माझा हात स्थिर राहील याची मला खात्री वाटत नाही. म्हणून मी हातच मागे घेतला. ती चूक झाली. त्यांच्याबद्दलचं विधान परत घालावं, पण ते माझ्या हातानं नको. आणि त्यांची रांगोळी त्यांनीच पुसायची असते. ते मी विसरलो, याचा संदर्भ कुठे देता येत नाही."

सकाळी सलोनीनं लेख दुरुस्त केला. "पाण्याखालची व्यक्तिचित्रे प्रथम काढल्याचं श्रेय लालबागच्या स्मरणिकेत जयवंत घाडी यांना, तर गिरगावच्या स्मरणिकेत वसंत नवलकर यांना दिलेलं आढळतं. आधी कोण, याचा स्वतंत्र पुरावा उपलब्ध नाही." शीवच्या मास्तरांनी 'आढळतं'च्या आधी एक 'मनोहर' बसतो का ते पाहिलं असावं. बसला नाही.

रविवार होता. ध्रुव नाश्त्याला आला, पोह्यांची बशी ओढून घेतली आणि मान वर न करता म्हणाला, "आई, घरच्या लॅपटॉपवर खातं उघडं राहिलंय कुणाचं तरी."

मेघनाचा हात लिंबावरच थांबला.

"निःपक्ष वाचक नावाचं," ध्रुव म्हणाला.

"असेल. लॅपटॉप सगळेच वापरतात."

"नियम असा आहे, की हितसंबंध असेल तर तो जाहीर करावा लागतो."

"कसला हितसंबंध? मी तर इतकं मुद्द्याचं लिहिलं."

"मुद्द्याचंच लिहिलंस," ध्रुव म्हणाला. "तरी जाहीर कर." आणि जरा वेळानं म्हणाला, "पोहे छान झालेत."

राजेशनं पेपर खाली केला. घरच्या पदार्थाला ध्रुवनं संदर्भाशिवाय विशेषण लावल्याची ही पहिलीच वेळ होती.

मेघना लॅपटॉपपाशी गेली. आपल्या नावाच्या पानावर तिनं टाइप केलं, "जयवंत घाडी माझे सासरे. ध्रुव घाडी माझा मुलगा. दोघांच्याही बाबतीत मी अजिबात निःपक्ष नाही व पुढेही होण्याचा विचार नाही."

तेवढ्यात आनंदाचा फोन आला. आनंदा म्हणजे प्रदर्शनाचा सगळा भार वाहणारा कार्यकर्ता. आवाजावरून तो हॉलमध्ये उभा होता, मागे टेबलं सरकवल्याचा खरखराट येत होता.

"वहिनी, खडूनं चौकोन आखायला घेतलेत. दाराजवळचा कोपरा नानांचा ठेवू की देऊ कोणाला? पोरं मागे लागलीत हो. दुपारपर्यंत काय ते सांगा."

"ठेव," मेघना म्हणाली.

"नाना हो म्हणाले?"

"म्हणतील."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की नानांच्या वतीनं आपण आत्ता जे विधान केलं, त्याला काडीचा आधार नाही. तिनं राजेशकडे पाहिलं. राजेशनं पेपर पुन्हा वर केला. "तूच कर. माझं ते ऐकत नाहीत."

"मी करू?" ध्रुवनं विचारलं. त्याचा चेहरा त्या क्रिकेटच्या दिवसासारखा झाला होता, बॅट काखेत मारलेला.

मेघना विचारात पडली. ध्रुव फोन करणार म्हणजे आधी दोन्ही बाजू मांडणार. गिरगावच्या वसंत नवलकरांचंही तितकंच कसं खरं आहे ते समजावणार. नाना फोन ठेवणार, आणि ध्रुवच्या मते तो त्यांचा वाजवी निर्णय असणार.

"तू नको," ती म्हणाली. "तू जाऊन अंघोळ कर आणि तयार राहा. परात कोण उचलणार त्यांची? हॉलपर्यंत न्यायची आहे."

"पण ते अजून हो म्हणालेले नाहीत."

"म्हणून तर म्हणते, अंघोळ कर."

ती लॅपटॉप घेऊन खिडकीपाशी बसली. ध्रुवचं चर्चा पानावरचं उत्तर उघडून समोर ठेवलं. हे वाचून दाखवायचं, अगदी शब्दन् शब्द. 'त्यांच्याइतकं चांगलं काम मी कुठेही पाहिलेलं नाही' हे दोनदा. गिरगावच्या म्हाताऱ्याला अर्धं वाक्य गेलंय, ते शेवटी सांगायचं. आणि त्याची नात तुमच्या बाजूनं भांडली, हे त्याच्याही आधी. नाना विचारतील, या सगळ्याचा संदर्भ काय? तर म्हणायचं, तो अंघोळीला गेलाय, परात उचलायला येतोय.

तिनं चष्मा लावला आणि चिंचपोकळीचा नंबर फिरवला.